अळवावरचे पाणी आणि मोटारीची काच

दिवाळीच्या अंकात पावसावर लिहायचे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, हे मला कळते. पुढ्यात फराळाचे ताट आहे, दारात आकाशकंदील लागला आहे, आणि हा गृहस्थ मोटारीच्या काचेवरील थेंबांची कथा लावून बसला आहे! परंतु वाचकहो, एक तर परतीचा पाऊस हा असा पाहुणा आहे की निरोपाचा नारळ घेऊनही तो उंबऱ्यात घुटमळतो. कित्येक वर्षी त्याने नरकचतुर्दशीच्या पणत्याही विझवल्या आहेत. आणि दुसरे असे की, काचेची खरी परीक्षा चार महिन्यांच्या पावसानंतरच कळते. जून महिन्यात पहिली सर आली की मोटारवाला धावत दुकानात जातो व दुकानदार देईल ती बाटली घेऊन येतो. दिवाळीत घाई नसते. शांतपणे विचार करायला हाच काळ बरा.

बाटली कसली म्हणाल, तर काचेवर चोळायच्या द्रावणाची. ते चोळले म्हणजे पाणी काचेला धरत नाही, थेंब मोत्यांसारखे घरंगळून जातात, असे तिच्यावर लिहिलेले असते. विकणारा तर याच्याही पुढे जातो. वायपर लावायची गरजच उरणार नाही, असे तो बिनदिक्कत सांगून टाकतो. ही बाटली घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतोच. माझे उत्तर असे की, घ्यावी. पण दुकानदाराने सांगितलेल्या कामासाठी घेऊ नये.

आधी मुळात काचेवर पाणी पडल्याने बिघडते काय, ते पाहू. पाणी पारदर्शक, काचही पारदर्शक. मग दिसेनासे का होते? दोष पाण्याचा नाही, त्याने घेतलेल्या आकाराचा आहे. काचेवर सगळीकडे सारखा पातळ पडदा पसरला तर त्यातून बऱ्यापैकी दिसते. पण थेंब म्हणजे एकेक इवलेसे भिंग. शेकडो भिंगे एकमेकांशी सल्लामसलत न करता समोरचे दृश्य हवे तसे वाकवतात. दिवसा हे चालून जाते. रात्री समोरून ट्रकचे दिवे आले की प्रत्येक थेंब स्वतःच एक दिवा होतो, आणि त्या रोषणाईमागे रस्ता, रस्त्याची कड आणि कडेने चालणारा माणूस ही तिन्ही नाहीशी होतात.

काचेचे आणि पाण्याचे मुळात सख्य आहे. काच ही बहुतांशी वाळूची, म्हणजे सिलिकाची. तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या मोकळ्या असतात व पाण्याचा रेणू त्यांना आनंदाने बिलगतो. अगदी निर्मळ काचेवर पाण्याचा थेंब टाका, तो पापडासारखा पसरून सपाट होतो. पण रस्त्यावरच्या मोटारीची काच निर्मळ कुठली? डिझेलचा धूर, डांबराचा अंश, धुलाईच्या मेणाचा ओशटपणा आणि आपण कौतुकाने फिरवलेले तेलकट फडके, यांचा तिच्यावर थर असतो. तोही एकसारखा नसतो. म्हणून पाणी कुठे पसरते, कुठे गोळा होते, आणि काच अशी गढूळ दिसते की वायपर फिरूनही समाधान होत नाही. निम्मे मोटारवाले ज्या त्रासावर बाटली आणतात, तो त्रास काच नुसती नीट धुतल्यानेच जाण्यासारखा असतो. हे दुकानदार सांगत नाही. त्याने का सांगावे?

थेंब काचेवर किती उभा राहतो हे मोजायला शास्त्रज्ञांनी एक माप ठरवले आहे. थेंबाची कड काचेशी जो कोन करते तो स्पर्शकोन. टॉमस यंग या इंग्रज पंडिताने १८०५ साली या कोनाचा विचार मांडला. निर्मळ काचेवर हा कोन जवळजवळ शून्य, रोजच्या मळक्या काचेवर तीस-चाळीस अंश. बाटलीतले द्रावण चोळल्यावर तो शंभराच्या पुढे जातो, म्हणजे थेंब अर्ध्या गोळ्याहूनही अधिक फुगून बसतो.

पण याबाबतीत आपल्या परसातल्या अळूचा हात कोणी धरणार नाही. क्षणभंगुर गोष्टीला आपण ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो. ज्याने हा शब्दप्रयोग प्रथम केला त्याची नजर मोठी बारीक असली पाहिजे. अळवाच्या पानावर थेंब दीडशे अंशांच्याही वर कोन करून, म्हणजे जवळजवळ पूर्ण गोल होऊन, उभा राहतो. जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ बार्टलॉट व नाइनहुइस यांनी १९९७ साली कमळाच्या पानांविषयी जो गाजलेला निबंध प्रसिद्ध केला, त्यात अळवाचाही अभ्यास होता. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात, त्या उंचवट्यांवर मेणाचे त्याहून सूक्ष्म कण असतात, आणि थेंब त्यांच्या टोकांवर, खाली हवेची गादी घेऊन बसतो. पानाला तो फारसा शिवतच नाही. म्हणून पान जरा हलले की थेंब निघाला, आणि जाताना धूळही घेऊन गेला.

मग मोटारीच्या काचेला अळवाचे पान का करीत नाहीत? परसात जाऊन करून पाहा. पानाच्या एका भागावर अंगठ्याने चांगले चोळा आणि मग पाणी शिंपडा. इतर पानावर मोती नाचतील, पण चोळलेल्या जागी पाणी चिकटून बसेल. मेणाची ती नाजूक रचना एका अंगठ्याने मोडते. वायपर हा तर न थकणारा अंगठा. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या धरल्या तरी तासाला दोन हजार सातशे फेऱ्या झाल्या, आणि तीन तासांच्या पावसाळी प्रवासात आठ हजारांवर! शिवाय उंचवटे जरा मोठे झाले की प्रकाश विखुरतो व काच दुधाळ दिसू लागते. पान नवे फुटते, मेण पुन्हा धरते. काचेला ती सोय नाही. तेव्हा गुळगुळीत काचेवर पाण्याशी फटकून वागणाऱ्या रेणूंचा एक अदृश्य थर बसवायचा, एवढेच माणसाच्या हातात राहते. गुळगुळीत पृष्ठभागावर साधारण एकशे वीस अंशांच्या पुढे कोणालाही जाता आलेले नाही. अळवाची सर त्याला नाही.

या थराचा शोध मोटारीसाठी लागलाच नाही. अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९४० च्या सुमारास सिलिकोन या नव्या पदार्थांवर काम चालू होते. तेथे विंटन पॅटनोड यांच्या ध्यानात आले की, क्लोरीनयुक्त सिलिकॉनच्या एका संयुगाची वाफ कागदाला, कापडाला, काचेला वा चिनी मातीला लागली की त्या वस्तूला पाणी धरेनासे होते. त्याचे पेटंट १९४२ साली निघाले. महायुद्धाचे दिवस होते. दमट हवेत बिनतारी यंत्रांच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर पाण्याचा पापुद्रा धरून वीज गळत असे, तेथे या थराचा उपयोग झाला. काचेच्या मोकळ्या जोड्यांना सिलिकॉनचे रेणू एका हाताने घट्ट धरतात आणि दुसऱ्या हाताने पाण्याला दूर लोटतात, अशी ही व्यवस्था आहे. पुढे हॉवर्ड ओलहाउझेन या अमेरिकन संशोधकाने सिलिकोन, अल्कोहोल व थोडेसे आम्ल यांचे काचेवर हाताने चोळता येणारे द्रावण काढले. त्याचे पेटंट १९७१ सालचे आहे. रेन-एक्स या नावाने ते बाजारात आले व अजून विकले जाते. त्यानंतर फ्लोरीनयुक्त रेणूंची द्रावणे आली. ती महाग, पण चिवट. सिलिकोनचा थर काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतो. फ्लोरीनचा त्याच्या काही पट अधिक. हे आकडे मात्र काच किती स्वच्छ होती आणि वायपर किती चालला, यावर अवलंबून.

उपयोग होतो का? होतो. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेत १९९७ साली याची रीतसर परीक्षा झाली. पावसात, रात्रीच्या व दिवसाच्या उजेडात, काचेला थर दिलेला असताना व नसताना मोटार चालवणाऱ्यांना समोरची बारीक खूण कधी ओळखू येते, हे पाहिले गेले. दिलेल्या थराने दृष्टीचा बारकावा सुमारे एक-तृतीयांशाने सुधारला आणि ओळखण्याचा वेळ सरासरीने सेकंदभर कमी झाला. सेकंद म्हणजे काय, असे वाटेल. ताशी साठ किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. तेवढ्या अंतरात पोर रस्त्यावर येऊन परत फिरते.

मग माझी कुरकूर कशाबद्दल? ती सांगण्यासाठी मला एका रात्रीचा प्रवास सांगितला पाहिजे.

श्रावणातली गोष्ट. माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याकडे येत होतो. मोटार माझ्या भाच्याची, हाकणाराही तोच. त्याने त्याच आठवड्यात काचेला उत्तम प्रतीचे द्रावण चोळले होते, आणि त्याचा आनंद नव्या जावयासारखा ओसंडून चालला होता. गोवा रस्त्यावर मोकळा पट्टा मिळाला, काटा सत्तरीच्या पुढे गेला, आणि खरेच सांगतो, पाहण्यासारखे दृश्य होते. सर जोराची होती, पण थेंब काचेवर पडतात न पडतात तोच वर धावत छपरावरून नाहीसे होत होते. वायपर बंद. भाचा म्हणाला, “पाहिलंत मामा? नुसता वारा काच पुसतोय!”

घाट लागला. वेग पंचवीस-तीसवर आला, आणि सरीची भुरभुर झाली. ताम्हिणीतल्या ढगातली भुरभुर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. तो पाऊस पडत नाही, तो नुसता असतो. काचेवर बारीक बारीक थेंब जमू लागले. ते वरही जाईनात, खालीही येईनात. लग्नघरात बोलावणे नसलेल्या पाहुण्यांसारखे जागच्या जागी उभे. मी म्हटले, “अरे, वायपर लाव.” तो म्हणाला, “मामा, या काचेला लागतच नाही हो. आत्ता जातील.” ते गेले नाहीत. वळणावर समोरून एक टेंपो आला, त्याच्या दिव्यांनी सगळी काच एकदम पेटल्यासारखी झाली, आणि टेंपो बाजूने निघून जातो तोच आमच्या दिव्यांत, पंधरा-वीस पावलांवर, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेला एक म्हातारा व त्याची म्हैस उभी. ब्रेक लागले. मोटार जरा तिरकी होऊन थांबली. म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलेदेखील नाही. म्हशीला हाकारले आणि तो चालू लागला. भाच्याने न बोलता वायपरची कांडी खाली केली. पुण्यापर्यंत ती वर गेली नाही.

आता यातले गणित पाहा. थेंबाला काचेवरून हलवायला दोनच शक्ती आहेत, त्याचे स्वतःचे वजन आणि समोरचा वारा. काचेची पकड त्यांना विरोध करते. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. पाऊणशेच्या वेगाने जो रेटा, त्याचा पंचविशीच्या वेगात फक्त नववा हिस्सा उरतो. वजनाचे म्हणाल तर थेंबाचा व्यास निम्मा झाला की वजन आठवा हिस्सा होते, पण पकड निम्मीच कमी होते. म्हणजे थेंब जितका लहान तितका तो हट्टी. मोठ्या सरीत थेंबावर थेंब पडतात, एकमेकांत मिसळून जड होतात व ओघळतात. भुरभुरीत ते ज्याच्या त्याच्या जागी बसून राहतात. म्हणून हे द्रावण धो धो पावसात, भरधाव वेगात सर्वांत चांगले काम करते, आणि मंद वेगात, बारीक पावसात सर्वांत वाईट. आपला घाट म्हणजे नेमका मंद वेग आणि बारीक पाऊस! शहरातली खोळंबलेली वाहतूकही तीच. जिथे मोकळा रुंद रस्ता आहे तिथे थर दिलेली काच कमाल करते. आणि वळण, दरी, म्हैस व म्हातारा ही सगळी जिथे एकत्र येतात तिथे ती हात वर करते.

आणखी एक गंमत आहे. जुन्या मोटारींच्या काचा बऱ्याच उभ्या असत. एसटीच्या गाडीची काच तर जवळजवळ भिंतीसारखी. उभ्या काचेवर थेंबाचे वजन सगळे खाली ओढण्याच्या कामी येते. आजच्या मोटारींच्या पुढच्या काचा वारा कापण्यासाठी इतक्या निजवलेल्या असतात की कित्येकींचा जमिनीशी कोन तीसेक अंशांचाच असतो. तिथे निम्मेच वजन कामी येते. आणि वारा तर थेंबाला वर ढकलतो. वजन खाली ओढते, वारा वर रेटतो. मधला एक वेग असा येतो की दोघांची बरोबरी होते आणि थेंब तटस्थ राहतो. काच किती निजलेली व थेंब केवढा, यावर तो वेग कमीजास्त होतो, पण तो असतो हे नक्की. पावसात बाजूला बसलात तर पाहा, अमुक वेगापर्यंत थेंब उतरतात, पुढे चढतात, आणि मधल्या पट्ट्यात नुसते थरथरतात.

तेव्हा वायपर हा राजा आणि बाटली ही त्याची प्रधान, असे माझे मत आहे. १९०३ साली अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईंनी हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट घेतले. न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक हिमवर्षावात काच उघडून बाहेर डोकावतो आहे, हे पाहून त्यांना ते सुचले होते. आज आपल्याकडेही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीला वायपर असावाच लागतो. बाटली असावी असे कोणताही नियम म्हणत नाही. ज्याला दोहोंपैकी एकावरच खर्च करायचा आहे त्याने डोळे मिटून वायपरचे नवे रबर घ्यावे. आपल्याकडच्या उन्हात वैशाखअखेर रबराची कड करपून जाते, आणि आपण तेच रबर ज्येष्ठात मोठ्या अपेक्षेने फिरवतो.

प्रधान आणि राजाचे पटतेच असेही नाही. थर नीट पुसून घेतला नाही, तर त्यावरून वायपर सरळ न जाता अडखळत, थडथड उड्या मारत जातो व कर्कश वाजतो. थर उत्तम असला तरी वायपर गेल्यानंतर काचेवर अतिसूक्ष्म थेंबांचा एक धुरकट पट्टा क्षणभर राहतो आणि मग उडून जातो. काहींच्या डोळ्यांना हा पट्टा रात्री फार खुपतो. अशा माणसाने पुढच्या काचेला हात लावू नये. बाजूच्या काचांना मात्र जरूर चोळावे. बाजूच्या काचेला वायपर नाही, म्हणजे तिथे बाटलीला दुसरा पर्यायच नाही. घासणारे रबर नाही म्हणून थर टिकतोही जास्त, आणि काच बरीच उभी म्हणून थेंब मंद वेगातही ओघळतात. वळताना बाजूचा आरसा त्याच काचेतून पाहायचा असतो, हे चालवणाऱ्याला सांगायला नको. माझ्या मते बाटलीचे पैसे वसूल होतात ते इथे. पण कोणत्याही बाटलीवरचे चित्र पाहा, चोळणारा हात पुढच्याच काचेवर असतो.

आता थोडे उलट्या उपायाविषयी. आपल्याकडचे जुने ट्रकचालक पावसाळ्यात काचेवर ओली तंबाखू चोळत. कोणी कच्चा बटाटा कापून फिरवी, कोणी साबणाची वडी. शिकलेली माणसे हसत. पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. बाटली पाण्याला गोळा करते, तर हा उपाय पाण्याला पसरवतो. थेंब राहिलाच नाही, सपाट पडदा झाला, की भिंगेही गेली. वीस-पंचवीसच्या वेगाने घाट चढणाऱ्या, मोडक्या वायपरच्या ट्रकला थेंब उडवून नेणारा वारा मिळणार कुठून? त्याला पसरणारे पाणीच सोयीचे. दोष एवढाच की पावसाच्या दोन सरींत ती तंबाखू वाहून जाते आणि पुन्हा खाली उतरून चोळावी लागते. चालकाला त्याचे वाईट वाटत नसावे. उरलेली चिमूट कुठे जात असे ते आपण जाणतो.

हीच तऱ्हा जपानी शास्त्रज्ञांनी पुढे नेली. टिटॅनियम डायॉक्साइडचा, म्हणजे पांढऱ्या रंगात घालतात त्या पदार्थाचा, पारदर्शक थर काचेवर बसवला आणि त्यावर अतिनील प्रकाश पडला, की पाणी त्यावर संपूर्ण सपाट पसरते. याविषयीचा त्यांचा निबंध १९९७ साली ‘नेचर’मध्ये आला. मोटारीच्या बाहेरच्या आरशांना असा थर दिला जाऊ लागला. हे फार समंजसपणाचे आहे, कारण आरसा वाऱ्याकडे पाठ करून असतो. त्यावरचा थेंब उडवायला कोणी येत नाही. म्हणजे एकाच मोटारीत बाजूच्या काचेला पाणी नकोसे करायचे आणि तिच्यापासून वीतभर दूर असलेल्या आरशाला ते हवेसे करायचे! काचेच्या आतल्या बाजूला धरणाऱ्या वाफेचेही तसेच. ते पाणी बाहेरचे नव्हेच, आपल्या श्वासाचे आहे. बाहेरचे द्रावण आतून चोळले तर वाफ बारीक थेंबांच्या रूपाने गोळा होते व अधिकच अंधारते. आतून काच स्वच्छ ठेवावी आणि गार, कोरडी हवा तिच्यावर सोडावी.

विमानवाल्यांची रीत पाहिली तर प्रधानाची जागा आणखी स्पष्ट होते. बोईंगच्या विमानांत पूर्वी वैमानिकाच्या काचेवर पाणी हटवणारा द्रव फवारण्याची सोय असे. जोराच्या पावसात उतरताना बटण दाबायचे आणि वायपर चालू ठेवायचे. वायपर बंद करून नव्हे. कोरड्या काचेवर तो द्रव चुकून उडाला तर काच चिकट होऊन दिसेनासे होई. त्या द्रवात ओझोनला मारक असे फ्रेऑन होते, म्हणून १९९० नंतरच्या दशकात तो बंद पडला, आणि काचेवरच कायमसारखा थर देण्याची पद्धत आली. वायपर मात्र आजही तिथेच आहेत.

ज्यांना बाटली वापरायचीच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. बाटलीवर त्या बारीक अक्षरांत असतात, म्हणून कोणी वाचत नाही. श्रमाचे तीन हिस्से धुण्यात घालावेत व एक हिस्सा चोळण्यात. काच साबणाने धुवावी, मग बोट फिरवून पाहावे. खरखर लागली किंवा पाणी मध्येच तुटून गोळा झाले तर मळ अजून आहे. हट्टी मळाला सेरियम ऑक्साइडची भुकटी लागते. भिंगे घासणारे चश्मेवाले तीच वापरतात. काच पूर्ण कोरडी व सावलीत गार झालेली असावी. तापल्या काचेवर द्रावण जागच्या जागी उडून जाते आणि डाग ठेवते. फडक्याने थोडे थोडे घेऊन दाबून चोळावे, धुरकट होऊ द्यावे, आणि मग ओलसर स्वच्छ फडक्याने इतके पुसावे की काही लावले होते याचा मागमूस राहू नये. जे दिसते ते जास्तीचे असते; काम करणारा थर दिसत नाही. वायपरचे रबरही त्याच वेळी पुसून घ्यावे.

फ्लोरीनच्या चिवट द्रावणांविषयी एक शंका मनात बाळगावी. फ्लोरीन व कार्बन यांची गाठ निसर्गाला सहसा सुटत नाही. तोच त्यांचा गुण, आणि काचेवरून झिजून नाल्यात, नाल्यातून नदीत गेल्यावर तोच अवगुण. ही संयुगे पाण्यात व शरीरात साठतात म्हणून जर्मनी, नेदरलँड, डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे या पाच देशांनी २०२३ साली युरोपात त्यांच्यावर व्यापक निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला. माझ्यापुरते मी ठरवले आहे की, बाजूच्या काचांना साधे सिलिकोन पुरे. दोन महिन्यांनी पुन्हा चोळावे लागते, तर चोळू. तेवढाच रविवारचा व्यायाम.

राहता राहिले ते दुचाकीवाले, आणि खरे म्हणजे आपल्याकडे तेच बहुसंख्य. त्यांच्या शिरस्त्राणाच्या पुढच्या पडद्याला वायपर नसतो, आणि तो काचेचा नसून प्लॅस्टिकचा असतो. मोटारीच्या काचेची बाटली त्याला लावू नये. तिच्यातले आम्ल व अल्कोहोल प्लॅस्टिकला बाधू शकतात, आणि पडद्यावर एकदा जाळी धरली की रात्री ती थेंबांहून वाईट. प्लॅस्टिकसाठी वेगळी द्रावणे मिळतात, ती पाहून घ्यावीत. वेग थोडा असेल तर तीही थेंबांना हलवीत नाहीत. मग मान जराशी डावी-उजवीकडे वळवावी, म्हणजे वारा तिरका लागून काही थेंब निघतात. आणि डाव्या हातमोज्याच्या तर्जनीला बाहेरून रबराची एक बारीक पट्टी शिवून घ्यावी. आमच्या पेठेतला दूधवाला ती गेली कित्येक वर्षे वापरतो. पहाटे चार वाजता, कोसळत्या पावसात, दोन्ही बाजूंना किटल्या लावून तो पूल उतरतो, आणि दर पाच-सात सेकंदांनी त्याचे ते बोट डोळ्यांसमोरून आडवे जाते.